तोंडी देव, लेखी कामगार

खंडेनवमीच्या सकाळी भोसरीच्या एमआयडीसीत एक चक्कर मारून या. गाळ्यागाळ्यातून झेंडू आणि कटिंग ऑइल यांचा एकत्र वास येत असतो. लेथला माळ, ड्रिलला माळ, कॉम्प्रेसरला हळदकुंकू आणि पॉवर प्रेसच्या कपाळावर गंधाचा टिळा. मालक सपत्नीक येतात, नारळ वाढवला जातो, पेढ्यांचा पुडा फिरतो, कामगारांना स्टीलचा डबा नाहीतर मिठाईचा बॉक्स मिळतो आणि दुपारनंतर शटर खाली. मला हा सण आवडतो. ज्या लोखंडावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडण्यात कमीपणा कसला? मी एका प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं सुपरवायझर होतो. बावीस खंडेनवम्यांना मी हात जोडले आहेत.

पण त्या माळेखाली काय असतं, हेही मला माहीत आहे.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय वरचा रॅम खाली येत नाही. युक्ती अगदी साधी आहे : दोन्ही हात बटणांवर असले, की एकही हात डायमध्ये सापडत नाही. ज्याने हे पहिल्यांदा सुचवलं त्याच्या पाया पडावं, इतकं ते शहाणपणाचं आहे. आता त्यातल्या एका बटणात काडी खोचायची, किंवा ते दाबून वर टेप गुंडाळायची. एक बटण कायमचं दाबलेलं राहतं, एक हात मोकळा होतो, आणि त्या मोकळ्या हाताने पीस भराभर उचलता येतात. जुन्या मशिनला बटणंही नसत, पायाचं पेडल असे. आतली चावी झिजली आणि स्प्रिंग ढिली पडली, की पाय काढून घेतला तरी रॅम आपसूक दुसऱ्यांदा खाली येई. नव्या मशिनला समोर सेन्सर असतो. हात आडवा गेला की मशीन थांबतं. ते थांबतं, म्हणूनच तो सेन्सर बायपास केला जातो.

पूजेच्या दिवशीसुद्धा ती काडी कोणी काढत नाही. वर टिळा, खाली काडी.

माझ्या पाळीत एका पोराची दोन बोटं गेली. लातूरकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा, आयटीआय अर्धवट सोडून आलेला. नाव लिहीत नाही, तो अजून याच पट्ट्यात राहतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. मशीन बंद केलं, कोणीतरी फडकं गुंडाळलं, मी त्याला रिक्षात घातलं. वाटेत त्याच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "देवाची इच्छा, बाळा. जिवावरचं बोटावर निभावलं असं समज." म्हण शेपटाची आहे, मी तिच्यात बोट घातलं. तेव्हा मला माझी शब्दयोजना फार मायेची वाटली होती.

काडी मी खोचली नव्हती. ती आहे हे मला माहीत होतं, आणि महिनाअखेरीचा आकडा गाठायचा होता.

संध्याकाळी परत येऊन मी अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. हे मला कोणी सांगितलं नाही. तसं लिहायचं असतं, एवढंच मला येत होतं. म्हणजे रिक्षात मी त्याला एक कारण सांगितलं आणि कागदावर दुसरं लिहिलं. तोंडी देव, लेखी कामगार. या दोघांच्या मधे जी आम्ही माणसं होतो, मालक, सुपरवायझर, मेंटेनन्सवाला, माल उद्याच्या उद्या मागणारी मोठी कंपनी, ती कुठल्याच नोंदीत नव्हती. अशी सोय तर सराईत चोराचीही होत नाही.

आणि त्या लेखी नोंदीला पुढे धार असते. भरपाईचा नियम १९२३ च्या कायद्यापासून आहे. कामावर इजा झाली तर चूक कोणाची हे न विचारता मालकाने भरपाई द्यावी, असं तो साधारणपणे म्हणतो. पण त्यात एक फट आहे : सुरक्षेचं साधन कामगाराने जाणूनबुजून काढलं किंवा डावललं असेल, आणि त्याचा जीव गेला नसेल किंवा तो पुरता अपंग झाला नसेल, तर मालक हात झटकू शकतो. म्हणजे काडी सगळ्यांच्या सोयीसाठी खोचायची आणि बोट गेल्यावर ती एकट्याच्या नावावर मांडायची.

या पट्ट्यात माणसं आयुष्याचा बेत कसा आखतात, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. इथे बेत एका शब्दात मावतो : पर्मनंट. उदगीर, जिंतूर, मेहकर, पुसद, कुठूनही पोरगं येतं. आधी चिखलीत किंवा महाळुंग्यात खोलीवर सहाजण, मग कंत्राटात हेल्पर, मग ऑपरेटर, मग एके दिवशी पर्मनंट, मग लग्न, मग आई-बापाला इकडे आणायचं. मुलीकडचे विचारतात, "मुलगा पर्मनंट आहे का?" आणि त्या पोराला ठाऊक असतं, की सात महिने झाले की ब्रेक आहे. २४० दिवस भरले की कायद्याने काही हक्क चिकटतात, म्हणून ते भरायच्या आत गेटपास काढून घ्यायचा आणि महिन्याभराने दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर पुन्हा घ्यायचं. ही देवाची योजना नव्हे. ही एका केबिनमध्ये, कॅलेंडर समोर ठेवून, दिवस मोजून आखलेली योजना आहे. पोरगं मात्र घरी फोनवर सांगतं, "आई, नशिबात नव्हतं बघ." आई त्या रात्री गावच्या देवळात दिवा लावते.

आणि जे पर्मनंट झाले, त्यांचं तरी काय? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात थांबला, तेव्हा चौदाशेच्या आसपास कायम कामगार त्यात होते. घराचे हप्ते चालू होते, पोरं इंग्रजी शाळेत होती. ज्या शब्दावर अख्खी जवानी बेतली, तो शब्दच टेम्पररी निघाला. त्या वेळी अनेक जण त्यांना सांगायला गेले, की एक दार बंद झालं तर देव दुसरं उघडतो. सांगणाऱ्यांच्या नोकऱ्या शाबूत होत्या.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. देवावर भरवसा ठेव, हा उपदेश आपल्याकडे वरून खाली वाहतो. ज्याची दोन बोटं गेली, जिचा नवरा तिसऱ्या पाळीतून परत आला नाही, ज्याचा ब्रेक झाला, त्यांनी भरवसा ठेवायचा. आणि सांगणारे? गाळ्याचा आगीचा विमा वेळेवर भरतात. मालाचा वाहतूक विमा वेगळा. स्टोअरला लोखंडी जाळी, गेटवर सिक्युरिटी, कॅन्टीनबाहेरच्या छोट्या देवळातल्या दानपेटीवरही सीसीटीव्ही. दानपेटी देवाची, देऊळ देवाचं, तरी तिची राखण देवावर सोपवायला त्यांची छाती होत नाही. कामगाराची बोटं मात्र खुशाल सोपवतात. त्याच कॅन्टीनच्या भिंतीवर समाधानाचा उपदेश करणारा तुकोबांचा अभंग फ्रेम करून लावलेला असतो. तुकोबांना ही बाब कळली असती तर फ्रेमची काच शिल्लक राहिली नसती.

कारण तुकोबा इथलेच. चाकण एमआयडीसीचा दुसरा टप्पा वासुली-शिंद्याकडे सरकत गेला, तो भामचंद्राच्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन भिडला. हा तोच डोंगर, जिथे ते एकान्तात बसत असं वारकरी मानतात. २००८ साली डाऊ केमिकलचा प्रकल्प याच परिसरात यायला निघाला, तेव्हा टाळ घेऊन वारकरी रस्त्यावर उतरले होते, हे जुन्या लोकांच्या लक्षात असेल. आज डोंगरावरच्या गुहेतून खाली बघितलं तर शेडचे पत्रे चकाकतात. सतराव्या शतकात तिथून शेतं दिसत असतील, आणि १६३० च्या सुमाराला उजाड शेतं.

आयुष्य बेताप्रमाणे चाललं नाही म्हणजे काय, हे या माणसाइतकं कोणी भोगलं असेल? घरची महाजनकी, दुकान, सावकारी. आई-बाप गेले, वहिनी गेली, थोरला भाऊ विरक्त होऊन निघून गेला. मग तो भीषण दुष्काळ. गुरं गेली, दिवाळं निघालं, पहिली बायको रखमा अन्न अन्न करत गेली, पोरगा संतू गेला. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक, देवाला शिव्या घालायच्या. दुसरी, 'देवाची इच्छा' म्हणून डोळे मिटायचे आणि उरलेली सावकारी जोमाने वसूल करायची, कारण दुष्काळात नडलेलं कूळ हातात सापडतं. तुकोबांनी तिसरंच केलं. परंपरा सांगते, की लोकांकडून येणं असलेली खतं त्यांनी बाहेर काढली. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझा संसार आहे, माझा वाटा मला हवा. त्याला त्याचा निम्मा हिस्सा दिला आणि स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली.

पुढे त्यांच्या अभंगांच्या वह्याही याच नदीत बुडवायला लावल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून ते तेरा दिवस नदीकाठी उपाशी बसले आणि वह्या वर आल्या, असं आपण सांगतो, मिरवतो, त्यावर सिनेमे काढतो. पण आधी बुडवलेली खतं काही वर आली नाहीत, आणि ती वर यावीत म्हणून कोणी धरणं धरून बसलं नाही. देवावर भरवसा म्हणजे काय, हे ज्याला बघायचं असेल त्याने ही पहिली बुडी बघावी. ज्याचं सगळं गेलं होतं त्याने सर्वांत आधी, दुसऱ्याकडून आपल्याला येणं होतं ते सोडलं. आम्ही उलटं करतो. आमच्याकडून दुसऱ्याला जे देणं आहे तेच 'देवाची इच्छा' म्हणून नदीत सोडतो आणि वर पुंडलिक वरदा म्हणतो.

देणं म्हणजे काय ते आकड्यात सांगतो, कारण या विषयावर गहिवरणारे खूप आणि आकडा सांगणारे थोडे. भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. त्यात माणसाच्या शरीराचा दरतक्ता दिलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद तीस टक्के गेली. पूर्ण तर्जनी चौदा टक्के. मधलं बोट बारा. करंगळी किंवा अनामिका सात. करंगळीचं नुसतं टोक, हाड शाबूत राहून उडालं, तर दोन टक्के. एकाच हाताची दोन बोटं गेली तर वीस. वाचताना अंगावर काटा येतो. पण एका अर्थी हा तक्ता आमच्या उपदेशापेक्षा जास्त धार्मिक आहे. तो निदान बोट मोजतो.

आता ढोबळ हिशेब करा. महिना पंधरा हजार पगाराचा कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात असला, तर कायमच्या अपंगत्वाचा हिशेब पगाराच्या साधारण नव्वद टक्क्यांवर, म्हणजे साडेतेरा हजारांवर होतो. दोन बोटांचे वीस टक्के म्हणजे दरमहा २,७०० रुपये, आणि ते जन्मभर. फार नाहीत. खोलीभाड्याला धकतील एवढे. पण गावाकडच्या म्हातारीला दर महिन्याला देवाचं नव्हे, पोराच्या हक्काचं काही पोचत राहील, एवढे नक्की आहेत. यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जावे लागतात, आणि अपघाताचा कागद खरा भरावा लागतो.

कागद खरा भरला जातो का? सेफ इन इंडिया नावाची संस्था मानेसर-फरीदाबादच्या पट्ट्यात जखमी कामगारांसाठी काम करू लागली आणि पुढे आपल्या पट्ट्यातही आली. 'क्रश्ड' या नावाचे तिचे अहवाल २०१९ पासून निघत आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या गाळ्यांत बोटं जातात, त्यांतली बरीचशी पॉवर प्रेसवर जातात, आणि ज्यांची जातात त्यांतल्या बहुतेकांना ईएसआयचं कार्ड अपघातानंतर मिळालेलं असतं, हे त्या अहवालांतून वर्षामागून वर्षं समोर येतं. शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. कामाला लागल्या दिवशी जे कार्ड हातात पडायला हवं, ते रक्त वाहू लागल्यावर धावतपळत काढलं जातं. काही ठिकाणी तर तेही नाही. एखाद्या खासगी दवाखान्यात नेऊन टाके घालायचे, बिल ठेकेदाराने भरायचं, 'खोलीच्या दारात बोट सापडलं' असं सांगायला लावायचं आणि गावी जायला तिकीट काढून द्यायचं. पोरगं जाताना पाया पडतं. ठेकेदार देवमाणूस ठरतो. जन्मभराचे २,७०० महिना त्या नमस्कारात फिटतात.

माझ्या पाळीतल्या त्या पोराचंही असंच झालं असतं. त्याच्या आईमुळे वाचलं. ती गावाहून एसटीने आली, चिंचवडच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये चार दिवस बाकावर बसून राहिली आणि प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत राहिली, "दादा, ह्याचा कागद कुटं करायचा?" तिला लिहितावाचता येत नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ होती. देवाला तिने एकदाही दोष दिला नाही. आणि कागदाचा पिच्छाही सोडला नाही. मी तिच्यासमोरही 'देवाची इच्छा' काढली होती. ती म्हणाली, "असंल. पर देवानं कागद करू नगं म्हनलंय का?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

अपघात एकदा देवाच्या नावावर गेला की दुसऱ्यांदा होण्याची वाट मोकळी होते. देवाला कोण नोटीस काढणार? तळवड्याला ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवर लावायच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना गाळ्यात आग लागली. सहा जणी जागीच गेल्या, आणखी काही पुढे रुग्णालयात. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट खाली आला, चौघे गेले. तिथे पूल धोकादायक असल्याचा फलक होता आणि नव्या पुलाची घोषणाही. त्याच वर्षी ११ ऑगस्टला, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात पाईटजवळ कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप चढावरून मागे येऊन दरीत गेली. किमान दहा जणी गेल्या. कांद्याची पोती वाहायच्या गाडीत बायका कोंबल्या होत्या, कारण वर जायला दुसरं वाहन नव्हतं आणि ते नसल्याची कोणाला लाज नव्हती. त्या आठवड्यात माझ्या कानावर आलेलं एक वाक्य असं : देवाच्या वाटेवर मरण आलं, भाग्यवान बायका. हे बोलणारा गृहस्थ स्वतःच्या मोटारीत सीटबेल्ट लावून कुंडेश्वराला जातो.

गंमत अशी, की न्यायालयाने देवाला यातून कधीच मोकळं केलं आहे. दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून १९८५ च्या डिसेंबरात ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निकाल दिला, की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी पूर्ण असते आणि दैवी आपत्तीची सबब त्याला सांगता येणार नाही. तो निकाल घातक उद्योगांपुरता आहे, हे मान्य. पण त्यामागचं तत्त्व शाळकरी पोरालाही समजेल : नफा ज्याच्या खिशात जातो, त्याने धोक्याच्या वेळी देवाकडे बोट दाखवू नये. विशेषतः बोट शिल्लक असलेल्याने.

आपल्याकडे देवाचं नाव कामगारांच्या कामी लावणारेही होऊन गेले आहेत. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेतले. मुंबईतल्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी रविवारची सुट्टी मागितली, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे हे कारण त्यासाठी पुढे केलं, असं सांगतात. १८९० च्या जूनमध्ये ती सुट्टी मिळाली. म्हणजे देव तोच, भक्त तेच; फरक एवढाच, की लोखंड्यांनी खंडोबाला कामगारांच्या बाजूने उभं केलं आणि आम्ही त्याला मालकाच्या बाजूने साक्षीला बोलावतो. आकुर्डीच्या खंडोबाच्या माळावरून रोज हजारो कामगार जातात, गाडीवरूनच हात कपाळाला लावतात. त्यांतल्या किती जणांना ही रविवारची गोष्ट कोणी सांगितली? आमच्या कीर्तनकारांनी नाही. आमच्या युनियनवाल्यांनीही नाही. त्यांचं जग पर्मनंटवाल्यांच्या करारापाशी सुरू होतं आणि बोनसपाशी संपतं. कंत्राटी पोरगं त्यांच्या फलकासमोरून सात महिने जातं-येतं, त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

ज्योतिष्यांचं तर बोलूच नये. हात गेलेल्या माणसाच्या दारात पहिला पोचतो तो साडेसाती सांगणारा. दुर्घटना घडली म्हणून शांती करायची, शांतीसाठी कर्ज काढायचं, आणि कर्ज फेडायला दुसऱ्या गाळ्यात, दुसऱ्या तशाच प्रेसवर उभं राहायचं.

आणि वाचकहो, तुम्हीही सुटत नाही. वाकडच्या नाहीतर मोशीच्या सोसायटीत खाली जी गाडी उभी आहे, तिच्या दाराची बिजागरी, सीटखालचं ब्रॅकेट, बॉनेटचा कुलुपाचा पत्रा हे सगळं कुठल्यातरी प्रेसवर पंच होऊन आलेलं आहे. मोठी कंपनी तिच्या स्वतःच्या शेडमध्ये सेन्सर नीट ठेवते. तिथे पाहुणे येतात, फोटो निघतात. ती ज्याच्याकडून माल घेते तो ज्याच्याकडून घेतो, त्या तिसऱ्या-चौथ्या गाळ्यात काडी असते. गाडीची पूजा करताना चाकाखाली लिंबू ठेवलंत ना? ते कोणाच्या रक्षणासाठी होतं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मी नास्तिक नाही. नास्तिक असतो तर एवढी चीड आली नसती. दुसऱ्याच्या देवाची बदनामी झाली तर आपलं काय जातं? दोन वर्षांपूर्वी तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला आली तेव्हा एका दिंडीत मला तो बोटं गेलेला पोरगा दिसला. आता केस पांढरे. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांना आणि अंगठ्याला टाळाची दोरी गुंडाळून घेतलेली. टाळ बरोबर ठेक्यात वाजत होता. मला त्याने आधी ओळखलं. चहा घेतला. मी इतक्या वर्षांनी, जीभ जड होत होती तरी, रजिस्टरात काय लिहिलं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे साहेब. आईने वाचून घेतलं होतं कोणाकडून तरी." मग थोडा थांबून म्हणाला, "बोटं काही देवानं नेली नाहीत. देव नंतर आला. पहिलं वर्ष झोप यायची नाही, तेव्हा आला."

मी माफी मागितली का, असं विचाराल. मागितली. त्याने हसून विषय बदलला. ते हसू म्हणजे क्षमा, असं लिहून मी स्वतःला आणखी एकदा सोडवून घेणार नाही.

इंद्रायणीचं पाणी आळंदीत फेसाळतं, कार्तिकीला बायाबापड्या तो फेस हाताने बाजूला सारून बुडी मारतात, आणि आपण त्याला श्रद्धा म्हणतो. श्रद्धा त्यांची आहेच. सांडपाणी आपलं आहे.

गाळेवाल्यांना, सुपरवायझरना आणि माझ्या जुन्या सोबत्यांना एवढंच सांगायचं आहे. येत्या खंडेनवमीला पूजा करा, जोरात करा. फक्त नारळ वाढवण्याआधी मेन स्विच चालू करा, डाय मोकळी ठेवा, आणि प्रेसची दोन्ही बटणं एकेक करून दाबून बघा. एकट्या बटणावर रॅम खाली आला, तर नारळ पिशवीत ठेवा आणि मेंटेनन्सवाल्याला बोलवा.